दुपारी चार वाजता उंच होणारं घर

हल्लीची स्पोर्ट्स वॉच म्हणवणारी घड्याळं भलतीच आगाऊ असतात. रात्री आपण कितीदा कूस बदलली ते सकाळी चहाच्या आधी सांगतात. तासभर कुणी खुर्चीतून हललं नाही की मनगटावर थरथरून त्याला उठवतात. आज पळावं की विश्रांती घ्यावी, वयाच्या मानानं आपला दमसास कितपत आहे, सगळ्यावर त्यांचं मत तयार असतं. आणि हीच घड्याळं उंचीचा विषय निघाला की एकदम पडतं घेतात. सेटिंगमध्ये आत, अगदी आत, 'कॅलिब्रेट' नावाचं एक पान असतं. तिथं गेलं की एक रिकामी चौकट येते, बाजूला अधिक-उणे अशा दोन खुणा, आणि वर अदबीनं केलेली विचारणा: सध्याची उंची भरा.

आता ही उंची कळावी म्हणूनच तर माणसानं एवढे पैसे मोजलेले असतात!

आमचा शनिवारी पहाटे सिंहगड चढणाऱ्यांचा एक कंपू आहे. बहुतेक जण निवृत्त, नाहीतर निवृत्तीला टेकलेले. आतकरवाडीतून निघायचं, वर पोचलं की मडक्यातलं दही, झुणका-भाकरी, आणि मग सगळ्यांनी मनगटं पुढं करून 'तुमचं किती?' विचारायचं. एकाच पायवाटेनं, एकमेकांच्या पाठोपाठ वर आलेली माणसं. पण एकीची चढाई भरते ५८७ मीटर, दुसऱ्याची ६१२, तिसऱ्याची ६४०. ज्याचे आकडे मोठे तो शांतपणे दही खातो. ज्याचे लहान त्याला खोलात शिरावंसं वाटतं.

कंपूतले एक निवृत्त इंजिनिअर कायम खोलात शिरलेलेच असतात. त्यांना सगळे काका म्हणतात, त्यांच्याहून वयानं मोठे असलेलेसुद्धा. घड्याळाच्या पोटात काय चालतं ते मला त्यांच्यामुळं कळलं, आणि कळल्यापासून मला माझ्या घड्याळाची दयाच येऊ लागली आहे.

घड्याळाच्या कडेला किंवा पाठीला टाचणीच्या टोकाएवढी बारीक भोकं असतात. त्यांच्या आत तांदळाच्या दाण्याहून लहान असा एक सेन्सर बसलेला असतो. त्यात सिलिकॉनचा एक अतिशय पातळ पडदा, पडद्यामागं निर्वात पोकळी. बाहेरच्या हवेनं पडदा दाबला की तो किंचित वाकतो, वाकला की त्याचा विद्युतरोध बदलतो. एवढंच काय ते त्याला कळतं. डोंगर, दरी, पायऱ्या, गड यातलं काहीही त्याला ठाऊक नसतं. त्याला कळतो फक्त डोक्यावरच्या हवेचा भार. समुद्रसपाटीला हा भार सरासरी १०१३.२५ हेक्टोपास्कल धरतात, आणि समुद्राजवळ साधारण सव्वाआठ-साडेआठ मीटर वर गेलं की तो एकानं कमी होतो. पुण्याच्या उंचीवर हवा थोडी विरळ, त्यामुळं एका हेक्टोपास्कलला जवळपास नऊ मीटर पडतात. कौतुकाची गोष्ट अशी, की हा चिमुकला पडदा वीत-दीड वीत उंचीचा फरकसुद्धा टिपू शकतो. हात खाली सोडला आणि वर केला तर त्याला समजतं.

मग घोडं अडतं कुठं? हवेचा भार दोन कारणांनी कमी होतो. एक, आपण वर चढलो. दोन, आपण जागेवरच आहोत पण हवामान बदललं. पडद्याच्या दृष्टीनं दोन्ही सारखंच. समीकरण एक आणि अज्ञात संख्या दोन. असलं गणित शाळेत घातलं असतं तर पालक मुख्याध्यापकांना भेटायला गेले असते. घड्याळ मात्र ते दिवसभर, विनातक्रार सोडवत बसतं.

या गणिताचा सगळ्यात सुंदर परिणाम घरात बसून दिसतो. समुद्राला जशी भरती-ओहोटी असते तशी ती हवेलाही असते. उन्हानं वरचं वातावरण तापतं, त्याच्या लाटा पृथ्वीभोवती फिरतात, आणि आपल्यासारख्या उष्ण कटिबंधात त्यांचा जोर सर्वांत जास्त. सकाळी दहाच्या आणि रात्री दहाच्या सुमारास हवेचा दाब वर असतो. पहाटे चार आणि दुपारी चारला तो खाली उतरतो. आकाश निरभ्र असो, कुठं वादळाचं नाव नसो, दहा ते चार या वेळात तीन-चार हेक्टोपास्कल सहज जातात. उंचीत बोलायचं तर तीसेक मीटर. सुट्टीच्या दिवशी घड्याळ टेबलावर काढून ठेवावं आणि अधूनमधून बघावं. सकाळी दहा वाजता जमिनीशी प्रामाणिक असलेलं आमचं दुसऱ्या मजल्यावरचं घर जेवणं उरकेपर्यंत पाच-सहा मजले वर गेलेलं असतं, आणि चारच्या चहाला आम्ही जवळजवळ दहा मजले उंच बसलेलो असतो. रात्री दहाला सोसायटी पुन्हा खाली. लिफ्ट नसलेल्या इमारतीला यापेक्षा जास्त काय हवं!

मुंबईकरांचं याहून मोठं आहे. हिवाळ्यात किनाऱ्यावर दाब असतो १०१३-१४ च्या आसपास, आणि ऐन पावसाळ्यात तो १००३-०४ वर येतो. म्हणजे जानेवारीत दादरला कॅलिब्रेट केलेलं घड्याळ कुणी तसंच ठेवलं, तर जुलैत तेच दादर ऐंशीएक मीटर उंच झालेलं दिसेल. नेमकं ज्या महिन्यात ते पाण्याखाली असतं त्याच महिन्यात.

काकांनी हे सगळं गडावर दह्याच्या मडक्यांच्या साक्षीनं समजावलं, आणि मग हळूच एक बॉम्ब टाकला. पहाटे चारपासून सकाळी दहापर्यंत दाब चढत जातो. दाब चढला की घड्याळाला वाटतं, माणूस खाली उतरतोय. म्हणजे पहाटे पाचला उठून, अंधारात विजेऱ्या घेऊन, गुडघ्याला पट्टे बांधून गड चढणाऱ्या आमच्यासारख्यांच्या चढाईतून हवा दर वेळी गुपचूप दहा-पंधरा मीटर कापून घेते. आणि जे लोक आरामात उठून, पोहे खाऊन, अकरा वाजता उन्हात चढायला येतात त्यांना तेवढेच मीटर फुकट मिळतात. पुण्यात लवकर उठणं हा गुण मानला जातो, आणि निसर्गाला त्याची काही पडलेली नाही, हे ऐकून बराच वेळ कुणी बोललं नाही. मग कुणीतरी भाकरी गार होतेय म्हणालं.

हवेच्या दाबाचा आणि उंचीचा हा व्यवहार पहिल्यांदा नीट मांडला गेला तो फ्रान्समध्ये. टॉरिचेल्लीच्या नळीतला पारा बाहेरच्या हवेच्या भारानं तोलला जात असेल, तर डोंगरावर हवा कमी म्हणून पाराही कमी भरायला हवा, असं ब्लेझ पास्कलचं म्हणणं. पास्कलची प्रकृती तोळामासा, आणि डोंगर त्याच्या बहिणीच्या सासरी, क्लेरमाँ गावाला. त्यानं पत्र लिहून काम बहिणीच्या नवऱ्यावर सोपवलं. फ्लोराँ पेरिए या भल्या माणसानं १९ सप्टेंबर १६४८ रोजी गावातली प्रतिष्ठित मंडळी बरोबर घेतली आणि काचेच्या नळ्या, पारा असा सरंजाम घेऊन प्वी द दोम नावाचा डोंगर चढला. हा डोंगर १४६५ मीटरचा. आपला सिंहगड तेराशेच्या थोडा वर आणि कळसूबाई १६४६, म्हणजे या दोहोंच्या मधला. माथ्यावर पारा तीन इंचांहून अधिक खाली आलेला आढळला.

यातली मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. निघताना पेरिएनं एक नळी पायथ्याशी, मठाच्या बागेत ठेवली आणि तिच्यापाशी एका साधूला बसवलं. दिवसभर बघत बसायचं, पारा हलतो का. संध्याकाळी मंडळी उतरली तेव्हा त्यानं सांगितलं: हलला नाही. या एका वाक्यावर सगळा प्रयोग उभा आहे. वरचा पारा डोंगरामुळं उतरला, हवामानामुळं नाही, हे वर गेलेल्या कुणालाच ठरवता आलं नसतं. ते ठरवलं खाली बसलेल्या माणसानं. हाच प्रयोग पुण्यात झाला असता तर मात्र पंचाईत होती. आपल्याकडच्या हवेच्या भरती-ओहोटीनं पायथ्याचा पाराही दोन-तीन मिलिमीटर हलला असता, साधूनं तसं प्रामाणिकपणे सांगितलं असतं, आणि मग त्याच्या नोंदी वरच्या नोंदींतून वजा करत बसावं लागलं असतं.

घड्याळाचं दुःख तेच आहे. त्याच्याकडं डोंगर चढणारी नळी आहे. पायथ्याशी बसणारा साधू नाही. म्हणून ते बिचारं मिळेल त्याला विचारत सुटतं.

पहिल्यांदा विचारतं उपग्रहांना. पण उपग्रह सगळे डोक्यावर; पायाखालून बघणारा एकही नाही. त्यामुळं आपण रस्त्याच्या कुठल्या बाजूला आहोत हे ते जितकं नेमकं सांगतात, तितकं कितव्या मजल्यावर आहोत हे सांगू शकत नाहीत. शिवाय त्यांची उंची मोजली जाते ती पृथ्वीच्या एका गुळगुळीत, गणिती आकारापासून. खरा समुद्र त्या आकाराला जुमानत नाही. कुठं गुरुत्वाकर्षण कमी, कुठं जास्त, तसा समुद्राचा पृष्ठभागही खोलगट किंवा फुगीर. जगातला सर्वांत मोठा खोलगटपणा श्रीलंकेच्या दक्षिणेला आहे, शंभर मीटरहून अधिक, आणि त्याचा उतार आपल्यापर्यंत पोचतो. मुंबईच्या किनाऱ्यावर उपग्रहाचा कच्चा हिशेब तसाच वाचला तर चौपाटीवर भेळ खाणारा माणूस समुद्रसपाटीच्या साठहून अधिक मीटर खाली निघतो. घड्याळाच्या आत या फरकाचा तक्ता भरलेला असतो म्हणून ही नामुष्की टळते.

उपग्रहांवर भागलं नाही तर घड्याळ नकाशाला विचारतं. हे उंचीचे नकाशे बव्हंशी फेब्रुवारी २००० मध्ये 'एंडेव्हर' या अवकाशयानानं अकरा दिवसांत रडारनं जमीन टिपली त्यावर आधारलेले. पठारावर ते झकास काम देतात. सह्याद्रीत मात्र एका चौकोनात कडा आणि त्याच चौकोनात दरी, अशा ठिकाणी तीस मीटरच्या चौकोनाला एकच उंची द्यायची म्हटलं की कड्यावर उभ्या माणसाला अर्ध्या हवेत राहावं लागतं.

आणि सगळे हात टेकले की विचारतं आपल्याला.

आपण कुठून सांगणार? काकांनी यावर शोधलेला उपाय ऐतिहासिक आहे. रेल्वे स्टेशनच्या दोन्ही टोकांना पिवळे फलक असतात, काळ्या अक्षरांत गावाचं नाव, आणि खाली कोपऱ्यात समुद्रसपाटीपासूनची उंची. काकांनी दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट काढलं, पुणे स्टेशनच्या पार टोकाला चालत गेले, फलकाखाली उभे राहिले आणि घड्याळाचं बटण दाबून धरलं. हमाल बाजूनं निघून गेले. कुठली तरी पॅसेंजर लागली, सुटली. रेल्वे पोलिसानं दोनदा वळून बघितलं आणि तिसऱ्यांदा जवळ येऊन विचारलं, "कुणाला घ्यायला आलात का, काका?" काका म्हणाले, "नाही. उंची घ्यायला आलोय." पोलिसानं फलकाकडं पाहिलं, काकांकडं पाहिलं आणि वयाचा मान ठेवून तो पुढं गेला. पाचशे साठच्या घरातला तो आकडा काकांनी घड्याळात भरला, रिक्षानं घरी आले. अडचण इतकीच झाली की तेव्हा सकाळचे दहा वाजले होते.

फलकावरचा आकडा तरी कुठून आला? तोही कुणी आकाशातून वाचलेला नाही. १९०९ साली भारतीय सर्वेक्षण विभागानं कराचीपासून ओडिशाच्या किनाऱ्यापर्यंत नऊ बंदरांतल्या भरती-ओहोटीच्या आधीपासूनच्या नोंदी आधाराला धरल्या. मुंबई आणि कारवार त्यात होती. त्यांच्या सरासरीला शून्य म्हणायचं ठरलं. त्या शून्यापासून माणसं दुर्बिणी आणि पट्ट्या घेऊन टप्प्याटप्प्यानं देशभर आत चालत गेली. समुद्र क्षणभर स्थिर नसतो. त्याची 'सपाटी' ही नऊ ठिकाणी बसून, वर्षानुवर्षं बघून, शेवटी एकमतानं ठरवलेली गोष्ट आहे. तेव्हापासून लोणावळ्याच्या स्टेशनपासून ते आमच्या काकांच्या मनगटापर्यंत सगळे त्या ठरावाला धरून आहेत.

जिथं दुर्बिणी आणि पट्ट्या नेता येत नव्हत्या तिथं लोक काय करत होते? पाणी उकळत होते. वर गेलं की पाणी कमी तापमानाला उकळतं, दर तीनशे मीटरला साधारण एक अंश. नैनसिंह रावत यात्रेकरूच्या वेशात हिमालय ओलांडून जानेवारी १८६६ मध्ये ल्हासाला पोचले ते उष्णतामापक काठीत लपवून, पारा कवड्यांत भरून आणि पावलं मोजायला शंभर मण्यांची माळ घेऊन. कुणी बघत नसताना पाणी उकळायचं आणि उंची टिपायची. त्यांच्या यंत्राला एक मोठी सोय होती: मधूनच कुणी सुधारित आवृत्ती पाठवत नव्हतं.

आता या अपडेटांकडं वळू.

अपडेट नेहमी रात्री येतं आणि घड्याळाची बॅटरी निम्म्याच्या वर असावी अशी त्याची अट असते. फोन जवळ ठेवा, हलवू नका, बंद करू नका, असा दम भरला जातो. मग काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ मुंगीच्या पावलानं पुढं सरकते, सत्त्याण्णव टक्क्यांवर येऊन विचारात पडते, आणि घड्याळ दोनदा थरथरून जागं होतं. काय बदललं ते सांगणारी टीप इतकी मोघम असते की लिहिणाऱ्याला सरकारी पत्रव्यवहाराचा सराव असावा: 'किरकोळ दोष दूर केले. कामगिरी सुधारली. उंचीमापनात सुधारणा.' सुधारणा म्हणजे आधी बिघाड होता का, असल्यास किती, तो किती वर्षं होता, हे विचारायची सोय नसते.

मध्यंतरी अशा एका सुधारणेनंतर कंपूत मोठा हलकल्लोळ झाला. आमच्यातल्या एक बाई बँकेतून निवृत्त झालेल्या आहेत, आकड्यांना पक्क्या. त्यांची सिंहगडाची चढाई एका रात्रीत चाळीस मीटरनं घटली. तीच वाट, तेच बूट, तीच पहाट. त्यांनी आधीच्या नोंदी काढून ताळेबंद मांडला आणि म्हणाल्या, "माझे चाळीस मीटर कुणी काढले?" त्यांच्या आवाजात पासबुक समोर धरलेल्या खातेदाराची धार होती. काउंटरच्या त्या बाजूला त्या पहिल्यांदाच उभ्या होत्या.

उत्तर काकांकडं होतं. एकूण चढाई काढताना घड्याळ वर जाणारे सगळे लहानमोठे तुकडे मिळवत जातं. पण दाब तर सारखा थरथरतो. वारा आला, हात हलला, बाही खाली-वर झाली, तरी मीटर-अर्धा मीटर उड्या मारतो. त्या सगळ्या उड्या मिळवल्या तर झोपलेला माणूससुद्धा सकाळपर्यंत एखादा किल्ला सर करेल. म्हणून घड्याळ एक उंबरा ठरवतं: अमुक मीटरहून कमी चढ असेल तर तो चढच नाही. उंबरा खाली ठेवला की चढाई फुगते, वर नेला की आटते. अपडेट पाठवणाऱ्यानं कुठंतरी दूर बसून तो उंबरा थोडा उचलला होता. वाटेतले दगड, पायऱ्या, झाडाच्या मुळावरून टाकलेली टांग, आधी हे सगळं बाईंच्या खात्यावर जमा होत होतं. आता ते किरकोळीत गेलं होतं.

"पण मी तर चढले ना?" बाई म्हणाल्या.

यावर काकांकडं उत्तर नव्हतं, आणि मला वाटतं कुणाकडंच नाही. चढाई किती बारकाईनं मोजावी याला खालची मर्यादा नाही. दगड मोजायचे तर खडे का नाहीत? कात्रज ते सिंहगड रात्रभर टेकड्या पार करणारी तरुण मंडळी अजून टेकड्या तेरा की सोळा यावर भांडतात, तेही याच कारणानं. किती उंचवट्याला टेकडी म्हणायचं हे आधी ठरवावं लागतं, आणि मग मोजणी आपोआप होते.

अपडेट फक्त घड्याळांनाच येतात असंही नाही. डोंगरांनाही येतात. एव्हरेस्टची उंची १८५६ मध्ये जाहीर झाली ती २९,००२ फूट. १९५० च्या दशकात भारतीय सर्वेक्षण विभागानं ती ८,८४८ मीटर ठरवली. २००५ मध्ये चीननं बर्फ वगळून निव्वळ खडकाची उंची मोजली आणि ८,८४४.४३ असं सांगितलं. नेपाळ बर्फासकट मोजण्यावर ठाम. शेवटी ८ डिसेंबर २०२० रोजी दोघांनी मिळून ८,८४८.८६ मीटर हा आकडा जाहीर केला. डोकं मोजायचं तर टोपीसकट की टोपी काढून, यावर दोन देशांना एकमत व्हायला एवढी वर्षं लागतात. आम्हाला एका शनिवारात जमावं ही अपेक्षाच जास्त होती.

या घड्याळांना तोंड द्यावी लागणारी संकटं बघितली की त्यांचा राग येत नाही. घामाचं मीठ भोकांत साचतं आणि पडद्याला बाहेरची हवा कळेनाशी होते. मग गड संपला तरी आकडा तासाभरापूर्वीच्या वळणावर अडकलेला. उपाय सोपा आहे, कोमट पाण्याखाली धरायचं आणि वाळू द्यायचं. पण आपल्याकडं भोक दिसलं की टाचणी घालायचा हात आवरत नाही, आणि टाचणीनं पडदा फाटतो. नळाखाली धरलं की घड्याळाला वाटतं आपण बुडालो. विमानात त्याची वेगळीच तारांबळ उडते. बाहेर अकरा हजार मीटर, पण केबिनमधली हवा फुगवून साधारण अठराशे ते चोवीसशे मीटरच्या उंचीइतकी ठेवलेली असते. घड्याळ मानतं ते आतल्या हवेला. कळसूबाईहून उंच बसून आपण कॉफी पितो आहोत, अशी त्याची समजूत.

काही घड्याळांत वादळाची सूचना देणारी घंटा असते. दाब झपाट्यानं पडला की ती वाजते. घड्याळ हवामानाच्या बाजूला लावलेलं असताना कुणी वाईहून पाचगणीला गाडीनं निघालं, तर पसरणीच्या घाटात दाब पन्नासहून अधिक हेक्टोपास्कलनं उतरतो. जून २०२० मधल्या निसर्ग चक्रीवादळाच्या केंद्रात दाब ९८४ पर्यंत गेला होता, म्हणजे भोवतालच्या मानानं वीसेक कमी. घाटातल्या त्या घड्याळाला निसर्गच्या दुपटीहून मोठं वादळ समोर दिसत असतं, ते जिवाच्या आकांतानं ओरडत असतं, आणि आत बसलेली मंडळी स्ट्रॉबेरी विथ क्रीम कुठं चांगलं मिळतं याची चर्चा करत असतात.

एवढं सगळं कळल्यावर मी काय करते? आतकरवाडीत उतरल्यावर, चालायला लागायच्या आधी पायथ्याची उंची घड्याळात भरते. तासा-दीड तासात हवा फार दगा देत नाही. आपण नेमके किती उंचीवर उभे आहोत हे घड्याळाला धड सांगता येत नसलं, तरी इथून तिथवर किती चढलो हे ते बऱ्यापैकी सांगतं. फरक काढण्यात ते हुशार आहे. जागा सांगण्यात कच्चं. सुरुवात कुठून धरायची हे मात्र त्याला दुसऱ्या कुणीतरी सांगावं लागतं. पेरिएला साधूनं सांगितलं, सर्वेक्षण विभागाला नऊ बंदरांनी, काकांना रेल्वेनं.

बाईंचे चाळीस मीटर परत मिळाले नाहीत. पण प्रश्न लोंबकळत ठेवणं पुण्याच्या रिवाजात बसत नाही, म्हणून गडावरच रीतसर सभा झाली. अध्यक्षस्थान दहीवाल्या मावशींना देऊ केलं. त्यांनी गिऱ्हाईक असल्याचं सांगून नाकारलं. चर्चेअंती पुढील ठराव झाला: आतकरवाडी ते सिंहगड ही चढाई, घड्याळ कुठल्याही कंपनीचं असो, ऋतू कुठलाही असो आणि चढणारा कितीही वाजता उठलेला असो, सहाशे मीटर धरण्यात यावी. वाटेतले दगड, मुळं व पायऱ्या त्यात समाविष्ट समजाव्यात. नवीन अपडेट आल्यास त्याचा विचार पुढील सभेत करावा. ठराव बहुमतानं मंजूर झाला. काकांनी विरोधात मत नोंदवलं. त्यांच्या घड्याळात त्या दिवशी ६०४ भरले होते.